पत्त्याचा रकाना

तासगाव,
9 नोव्हेंबर 2025

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा अंगणात मंगलाष्टकं चालली होती. आईचा एक कान तिकडे, एक माझ्याकडे. "बाबा, पुढच्या वर्षी मी इथे मिनेसोटात स्टेट हाऊसला उभी राहतेय," असं तू म्हणालीस आणि माझ्या तोंडून गेलं, "कुणाला विचारून?" चव्वेचाळीस वर्षांच्या मुलीला असं विचारतात का, हे आईने मला त्यानंतर पुरेसं ऐकवलंय, त्यामुळे तू परत ऐकवू नकोस. मात्र फोन तू ठेवलास, मी नाही, एवढं रेकॉर्डवर घेतो.

फोनवर आपल्या दोघांची उलटतपासणीच होते. म्हणून लिहायला बसलो. प्रकाशचा धाकटा शुक्रवारी शिकागोला निघतोय. हे पत्र, भाजणी, मेतकूट आणि ओवीसाठी बेदाणा त्याच्याकडे देतोय, तो तिथून कुरिअर करील. बेदाणा यंदाचाच आहे. पुढच्या वर्षी कसा मिळेल सांगता येत नाही, मे महिन्यापासून पावसाने बागांना उसंत दिलेली नाही.

आधी चांगलं ते. मला आनंद झाला. कोर्टातल्या बाररूममध्ये मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत, म्हणजे आईने भिशीत सांगितलेलं तिथपर्यंत पोचलं होतं. पाटील वकील म्हणाले, "काय, तिकडच्या आमदार ना?" मी म्हटलं, अजून अर्जसुद्धा भरलेला नाही. तर म्हणतात, आपल्याकडे अर्जाच्या आधी फ्लेक्स लागतो. सगळे हसले. मीही हसलो. मग घरी येताना गणपतीच्या देवळात गेलो आणि बराच वेळ बसलो. का ते विचारू नकोस.

इथेही सध्या तोच हंगाम आहे. मंगळवारी नगरपरिषदांच्या निवडणुका जाहीर झाल्या, 2 डिसेंबरला मतदान, उद्यापासून अर्ज. कोर्टात जाणं मी कमी केलं असलं तरी छाननीत अर्ज उडू नये म्हणून माणसं अजून माझ्याकडेच येतात. काल दिवसभर ओसरीवर तेच चाललं होतं. सूचकाची सही, मतदार यादीतला भाग क्रमांक, अनुक्रमांक, प्रतिज्ञापत्रावरचा नोटरीचा शिक्का. त्यात एक रकाना असतो, उमेदवाराचा राहण्याचा पत्ता. इतकी वर्षं तो रकाना मी यादीशी जुळतोय का एवढंच पाहून पुढे सरकत होतो. काल एका पोरीचा अर्ज तपासताना माझं पेन तिथेच थांबलं. घर नंबर, गल्ली, मारुती मंदिराशेजारी, सगळं नीट लिहिलेलं. म्हटलं, हे सगळं लिहिलंच पाहिजे का? ती माझ्याकडे बघतच राहिली. "काका, मला तर सगळं गाव ओळखतं," म्हणाली.

मी ठरवलं होतं की त्या घटनेबद्दल लिहायचं नाही. तू म्हणालीस तेच खरं, एका माथेफिरूमुळे माणसांनी कामं सोडायची का. पण लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

14 जून, शनिवारची पहाट. दोनच्या सुमारास चॅम्पलिनमध्ये राज्याचे सिनेटर जॉन हॉफमन यांच्या दारात पोलिसासारखे कपडे घातलेला माणूस. ते आणि त्यांची बायको गोळ्या लागूनही वाचले. मग साडेतीनच्या सुमारास ब्रुकलिन पार्कमध्ये मेलिसा हॉर्टमन यांच्या दारात तोच माणूस. त्या आणि त्यांचा नवरा, दोघंही गेले. बाहेर उभ्या गाडीला पोलिसांच्या गाडीसारखे दिवे. ज्यांच्यावर असे प्रसंग येतात ते पंतप्रधान, मुख्यमंत्री, निदान मंत्री तरी असतात अशी माझी समजूत. या बाई राज्याच्या सभागृहाच्या माजी अध्यक्ष, आता तिथे आपल्या पक्षाच्या गटनेत्या म्हण. घराला पहारा नाही, फाटक नाही. आपल्याकडे नगरसेवकाच्या दारात यापेक्षा जास्त माणसं झोपलेली असतात.

त्या दिवशी तुझा फोन लागत नव्हता. नंतर कळलं की पोलिसांनी तुम्हा सगळ्यांना घराबाहेर पडू नका म्हणून कळवलं होतं आणि तू फोन चार्जिंगला लावून ओवीबरोबर तळघरात बसली होतीस. हे मला जावयाने, निखिलने सांगितलं, तू नाही.

तर पत्त्याचं. निखिलला मी वेगळा फोन केला होता, रागावू नकोस. तो म्हणाला, उमेदवाराचा घरचा पत्ता खाजगी ठेवण्याची काही सोय तिथल्या निवडणूक कायद्यात आहे आणि मुक्ताला ती नको आहे. लोकांच्या दारोदार जाऊन मतं मागायची आणि स्वतःचं दार लपवायचं, हे तिला पटत नाही. हे ऐकून मी गप्प बसलो, कारण हे वाक्य कुठून आलं ते मला ठाऊक आहे.

तू म्हणशील, तुम्ही कधी दार लावून घेतलंत? सकाळी सहापासून ओसरीवर पक्षकार, रात्री-बेरात्री जामिनासाठी येणारे. तुला ती रात्र आठवत असणार, मी सांगलीला मुक्कामाला होतो आणि सावळजकडचा तो म्हातारा आला होता. बांधावरच्या मारामारीत त्याच्या पोराला पोलिसांनी उचललं होतं. पाऊस बेफाम. माईने दार उघडलं, त्याला घोंगडी वाळत घालायला खुंटी दाखवली, आणि तू, तिसरीत-चौथीत असशील, माझी तारखांची डायरी काढून त्याला म्हणालीस, "नाव सांगा. गाव सांगा. कलम कुठलं लावलंय?" मी सकाळी आलो तर डायरीत तुझ्या अक्षरात सगळं लिहिलेलं. कलम माहीत नाही, असंही लिहिलेलं. ते पान मी फाडलं नाही. अजून कपाटात आहे ती डायरी, कव्हर उंदरांनी कुरतडलंय.

तो म्हातारा मात्र दार वाजवताना बाहेरूनच ओरडून सांगत होता, मी अमक्याचा अमका, अमक्या मळ्यातला, वकीलसाहेबांनी माझ्या भावाची केस लढली होती. माईने त्याच्या भावाचं नाव विचारलं, मग कडी काढली. दार उघडं असणं म्हणजे एवढं सगळं असतं. आर. आर. आबा गृहमंत्री झाले तरी माणसं अंजनीत त्यांच्या घरी जायची, पण जाणाऱ्याला वाटेत चार जण विचारायचे, कुणाकडचा तू? तुमच्या गल्लीत शेजारच्या घरातल्या माणसाचं आडनाव तुला माहीत नव्हतं, मी आलो तेव्हा. तीन उन्हाळे तुम्ही तिथे राहत होतात.

आता कामाचं. हे नीट वाच, यात मी भावनेने बोलत नाही.

एक, मतदारसंघातलं वास्तव्य. तुमच्या राज्यघटनेप्रमाणे उमेदवार राज्यात एक वर्ष आणि मतदारसंघात मतदानाआधीचे सहा महिने राहिलेला पाहिजे. मतदान 3 नोव्हेंबर 2026 ला. तुम्ही घर बदलायचं बोलत होतात, ते मे महिना लागायच्या आत किंवा निवडणुकीनंतर. मधे काही करू नका. वीजबिल, पाणीपट्टी, लायसन्स, सगळं एका पत्त्यावर असू दे.

दुसरं, अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस आणि प्रत्येक अक्षर दुसऱ्या माणसाकडून तपासून घे. निमा कुलकर्णींची गोष्ट तुला माहीत असणारच, तुझ्याच इमिग्रेशनच्या शाखेतल्या वकील, केंटकीच्या सभागृहात 2019 पासून. तिकडे अर्जावर पक्षाच्या दोन मतदारांच्या सह्या लागतात. 2024 ला त्यातली एक सही करणारी बाई सही करायच्या वेळी दुसऱ्या पक्षाच्या यादीत निघाली. झालं, प्रकरण कोर्टात. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत बाईंनी मतं घेऊन धुव्वा उडवला, तरी केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयाने अर्जच अवैध ठरवला. पुढे नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर त्यांचं नाव आलं आणि आजही त्या सभागृहात आहेत, हा त्यांच्या चिकाटीचा भाग. पण मला सांग, आमच्या तासगावच्या छाननीत यापेक्षा काही वेगळं होतं का? सूचकाचं नाव दुसऱ्या प्रभागाच्या यादीत निघालं म्हणून उडालेले अर्ज मी स्वतः पाहिलेत, आणि काही उडवलेतही. निखिल म्हणतो, मिनेसोटात सह्यांची भानगड नाही, 100 डॉलर भरून शपथपत्र दिलं की झालं. 100 डॉलर! आपल्याकडे विधानसभेला 10,000 रुपये अनामत. म्हणजे जवळपास सारखंच, आणि तुमच्याकडे डिपॉझिट जप्त होण्याची नामुष्कीही नाही.

तिसरं, शपथपत्रावर सही करताना पत्त्याचा रकाना

बघ. परत तिथेच आलो. हा मुद्दा राहू दे. उपदेश फार झाला, आणि तू हे सगळं माझ्याआधी वाचलेलं असणार. आयएलएसला होतीस तेव्हापासून तुला मी कायदा शिकवणं बंद केलं होतं, ते तसंच राहायला हवं होतं. म्हाताऱ्याला माफ कर.

मी आणि आई एक हिशोब करत बसलो होतो, तुला मत देणार कोण. आईचा हिशोब सोपा, गणपतीच्या आरतीला तिथल्या मंडळाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, ते सगळे देतील. मी तिला म्हटलं, त्यातले निम्मे व्हिसावर, उरलेल्यांतले बरेच ग्रीनकार्डवर. मोदक खायला चालतात, मतदानाला नागरिक लागतो. आणि जे नागरिक आहेत ते तुझ्या मतदारसंघात राहतात कशावरून? म्हणजे तुला मतं मागायची आहेत ती ज्यांना तुझं नाव उच्चारताही येत नाही त्यांच्याकडे. "मुक्टा" म्हणतील, म्हणू देत.

मागे तू हमोंग समाजातल्या त्या बाईबद्दल बोलली होतीस, "मी मुआ" नावाच्या. मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. लाओसमधून लहानपणी निघालेली, थायलंडच्या छावणीतून अमेरिकेत, मग मिनेसोटा विद्यापीठातून कायदा, वकिली, आणि 2002 च्या जानेवारीत सेंट पॉलच्या ईस्ट साइडमधून पोटनिवडणुकीत थेट राज्याची सिनेटर. देशात कुठल्याही राज्याच्या विधिमंडळात गेलेली पहिली हमोंग. पुढे न्यायविषयक समितीची अध्यक्ष. वाचताना मला वाटलं, हिला निदान ज्येष्ठ मंडळींचा पाठिंबा होता, पहिल्यांदा मतदान करणारी माणसं होती, आख्खी वस्ती होती. तुझ्यामागे कोण? मग आठवलं, तुझ्या शेजारच्या आयोवात आपल्या नागपूरच्या स्वाती दांडेकर त्याच वर्षी निवडून आल्या, शाळेच्या बोर्डापासून सुरुवात करून. तिथे काही मराठी वस्ती नव्हती. भारतात वाढलेल्या बाईला आयोवाची मूल्यं काय कळणार, अशा सुराचं ईमेल विरोधी उमेदवाराने फिरवलं होतं. लोकांनी ते ईमेल वाचलं आणि बाईंना मत दिलं. हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग झालं तर, आणि उठून पोळ्या करायला गेली.

हे सगळं तुला कशासाठी हवंय, हे मी फोनवर विचारलं नाही, ते आता विचारतो. कारण तू इमिग्रेशनची वकील. न्यूयॉर्कच्या सनदेवर मिनेसोटात प्रॅक्टिस करता येते ती याचमुळे, की तो सगळा कायदा वॉशिंग्टनचा. राज्याच्या राजधानीत, सेंट पॉलच्या सभागृहात बसून तू एक व्हिसा देऊ शकणार नाहीस की एक हद्दपारी थांबवू शकणार नाहीस. हे तुला मी काय सांगणार. मग? माझा असा अंदाज आहे की ते लायसन्सचं प्रकरण. तू सांगायचीस, अशील कोर्टात तारखेला येत नाहीत, कारण यायचं तर गाडी चालवावी लागते, आणि गाडी अडवली की सगळं संपलं. 2023 च्या ऑक्टोबरपासून कागद नसले तरी ड्रायव्हिंग लायसन्स मिळायला लागलं, त्या आठवड्यात तुझा आवाज फोनवर वेगळा होता. तू म्हणालीस, एकेका फाईलसाठी वर्षं घालवते आणि इथे एका मतदानात हजारो माणसं सुटली. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं की ही आता कोर्टात रमणार नाही. आमच्या आप्पांचंही असंच झालं होतं, पण ते पंचायत समितीच्या पुढे गेले नाहीत, आणि का गेले नाहीत ते तुला माईने सांगितलं असेल.

आणि तो कायदा झाला तेव्हा सभागृहाची अध्यक्ष कोण होती? मेलिसा हॉर्टमन, तीच बाई.

तिच्याबद्दल तू रागावली होतीस, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. सभागृहात 67 विरुद्ध 67, अंदाजपत्रक अडलेलं, सरकार बंद पडायची वेळ, आणि तडजोडीत कागद नसलेल्या प्रौढांचा आरोग्य विमा काढून घेण्याचं विधेयक आलं. हाऊसमध्ये तिच्या पक्षातून बाजूने मत दिलं ते तिने एकटीने. शब्द दिला होता म्हणून. तू मला म्हणालीस, "बाबा, माझ्या अशिलांचा विमा तिने विकला." मी तेव्हा काही बोललो नाही, कारण तडजोडपत्रावर सही करताना आपल्याच पक्षकाराचा चेहरा कसा होतो ते मी पुष्कळ वेळा पाहिलंय आणि त्याचा राग वकिलावरच निघतो हेही. ते मतदान 9 जूनचं. पाच दिवसांनी ती गेली. आणि 27 तारखेला तू ओवीला घेऊन कॅपिटॉलच्या, तिथल्या विधानभवनाच्या, रांगेत उभी होतीस. दोघांच्या शवपेट्या आणि शेजारी त्यांच्या कुत्र्याच्या अस्थींचा कलश, त्यालाही गोळ्या लागल्या होत्या. ओवीने मला फोनवर कुत्र्याचंच सांगितलं, गिल्बर्ट नाव होतं आजोबा. बाकी काही बोलली नाही.

त्या रांगेतच तुझं ठरलं असणार. तू सांगितलं नाहीस तरी मला कळतं. म्हणूनच मला "नको" म्हणता येत नाही, आणि "हो" म्हटलं तरी रात्री तीनला जाग येते ती येतेच. तुमच्या दाराची मला सगळी रचना पाठ आहे. बाहेर जाळीचं दार, आत लाकडी, त्यात वरच्या भागात काच. काचेतून आतला जिना दिसतो. कडी नाही, फक्त फिरवायचं कुलूप. बेल वाजली की ओवी जिन्यावरून उड्या मारत येते आणि कोण आहे न विचारता उघडते. तिच्या बाबाची पार्सलं येतात म्हणून. मी तिथे होतो तेव्हा तिला शिकवलं होतं, आधी विचारायचं, "कोण?" तिने विचारलं, बाहेरच्याने इंग्रजीत काही तरी सांगितलं, आणि तिने उघडलं. मी रागावलो तर म्हणाली, "आजोबा, तो म्हणाला ना, युपीएस."

आणि तो माणूस म्हणाला असेल, पोलीस.

पत्ता अर्जात दिला नाही तरी मिळतोच, असं तू म्हणशील. त्या आरोपीच्या वह्यांत पत्ते शोधून देणाऱ्या संकेतस्थळांची नावं सापडली, हे मीही वाचलंय. कबूल. पण जे रस्त्यावरून उचलता येतं ते आपण हातात नेऊन द्यायचं असं थोडंच आहे? ते कलम काय आहे, कुठल्या अटींवर पत्ता खाजगी राहतो, मला पाठव. मी फक्त वाचीन. मत देणार नाही. बरं, देईन, पण एकदाच.

तुला सखाराम गणेश पंडितांबद्दल सांगायचं राहिलं. आपल्यातले, लॉस एंजेलिसला वकिली करणारे. 1914 ला अमेरिकेचं नागरिकत्व, 1917 ला कॅलिफोर्नियात सनद. 1923 ला भगतसिंग थिंड यांची बाजू सर्वोच्च न्यायालयात यांनीच मांडली, आणि न्यायालय म्हणालं की हिंदुस्थानी माणूस त्यांच्या कायद्यातला गोरा नव्हे, त्याला नागरिकत्व नाही. मग सरकारने ज्यांना आधी दिलं होतं त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात केली. वैष्णोदास बगई नावाच्या व्यापाऱ्याने 1928 ला त्या पायी जीव दिला. पंडितांवरही दावा लावला. त्यांचं म्हणणं साधं होतं, तुमच्याच न्यायालयाने हुकूमनामा दिला, तुम्ही तेव्हा अपील केलं नाही, त्या भरवशावर मी वडिलोपार्जित हक्क सोडले, घर केलं, सनद घेतली, आता तुम्हाला मागे फिरता येणार नाही. आपल्या पुराव्याच्या कायद्यातलं जुनं 115 वं कलम, दुसरं काय! 1926 ला अपिलात ते जिंकले, 1927 ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकायलाच नकार दिला. बाकीच्यांवरचे दावेही त्यानंतर थंडावले. मी हे पाटील वकिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, अहो, हे आम्हाला लॉ कॉलेजात का नाही शिकवलं?

हे का सांगतोय? तू अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतलीस त्या दिवशी मी इथे फारसं बोललो नव्हतो. निळा पासपोर्ट जमा केल्याचा फोटो तू पाठवलास, आईने डोळे पुसले, मी सातबाऱ्याचं बघायला तलाठ्याकडे गेलो. वारस म्हणून तुझं नाव लागू शकतं, शेतजमीन विकत घेता येणार नाही, एवढंच विचारून आलो. आता वाटतं, ज्या देशात पंडितांना आपलं नागरिकत्व कोर्टात भांडून राखावं लागलं तिथे माझी मुलगी कायदा करायला निघालीय. बाररूममध्ये हे मी अजून बोललो नाही. बोलेन.

पैशांचं. मी पोस्टातली एक पावती मोडायची ठरवली होती, तुझ्या प्रचाराला. दादाही द्यायला तयार होता. निखिल म्हणाला, बाबा, अजिबात पाठवू नका, परदेशी नागरिकाचा एक डॉलरही घेता येत नाही, राज्याच्या निवडणुकीतसुद्धा, गुन्हा आहे. मी म्हटलं, परदेशी कोण? तो काही बोलला नाही. मग मीच म्हटलं, बरं. कायदा योग्य आहे, आपल्याकडेही आहे. आईला अजून सांगितलेलं नाही, तिने बांगड्यांचं काही तरी मनात आणलंय.

पण मी बघून घेतलं, मोबदला न घेता केलेलं काम चालतं. तेव्हा तुझं शपथपत्र भरलं की सही करायच्या आधी मला फोटो पाठव. मी तपासून देतो, नेहमीसारखं, लाल पेनने. फी नाही. दारोदार फिरशील तेव्हा एकटी फिरू नकोस, निखिल नसेल तर कुणाला तरी बरोबर घे, आणि थंडीत ते कानटोपीचं विसरू नकोस, लहानपणापासून तुझा कान दुखतो.

आईचा आशीर्वाद. दादाची बदली झाली नाही, त्याच्याशी त्यावरून बोलू नकोस, चिडतो. निखिलने जे सांगितलं ते मी तुला सांगितलंय, हे त्याला माहीत आहे.

तुझा,
बाबा

ता. क. भाजणीच्या पिशवीवर आईने "थालीपीठ" आणि "चकली" असं लिहून ठेवलंय. दोन्हींचा रंग सारखा दिसतो, गल्लत करू नकोस. आणि बेदाणा धुऊन घे, गंधकाची धुरी दिलेला आहे.